हसूं ओठांतल्या ओठांत

विनोदाचे दोन प्रकार आम्हांस नेहमीं जाणवत आले आहेत. एक दाराची कडी खडखडवीत येतो आणि 'आतां हसा' असें बजावून आंत शिरतो. दुसरा घरांत केव्हांचा येऊन बसलेला असतो. आपलेंच लक्ष त्याच्याकडे उशिरां जातें. पहिल्यास टाळ्या मिळतात, दुसरा आठवणींत राहतो. या दुसऱ्या जातीच्या विनोदाचा एक नमुना म्हणून 'कुकीज फॉर्च्यून' या अमेरिकन बोलपटाचा परिचय आम्ही आज वाचकांस करून देत आहों.

हा बोलपट १९९९ सालचा. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन (१९२५–२००६). कथा व संवाद अ‍ॅन रॅप या बाईंचे. ऑल्टमन यांचें नांव निघालें कीं रसिक 'मॅश' (१९७०), 'नॅशव्हिल' (१९७५) किंवा फार तर 'गॉसफर्ड पार्क' (२००१) यांची आठवण काढतात. या थोरल्या भावंडांच्या गर्दींत हें धाकटें भावंड मागें राहून गेलें. त्याला तिकीटविक्रीचें मोठें यश लाभलें नाहीं, आणि स्वतःकडे लक्ष वेधून घेण्याचा त्याचा स्वभावही नाहीं. आमच्या मतें त्याचा खरा गुण तो हाच.

कथेचें स्थळ अमेरिकेच्या दक्षिण भागांतील मिसिसिपी राज्यांतलें हॉली स्प्रिंग्ज हें लहानसें गांव. चित्रणही तेथेंच झालें. त्या प्रांताची बोलण्याची एक रीत आहे. शब्द सावकाश यावयाचे, कितीही मोठी गोष्ट असली तरी आवाज चढवावयाचा नाहीं, आणि मोठ्यांत मोठी घटना हवापाण्याच्या सुरांत सांगावयाची. बोलणाराच्या मुद्रेवर हास्याची रेषाही उमटत नाहीं. किंबहुना आपण कांहीं विनोदी बोललों याची त्याला दादच नसते. हसण्याचें काम सर्वस्वीं ऐकणाऱ्यावर सोपविलेलें असतें.

आरंभींचाच प्रसंग घ्या. रात्रीची वेळ. विलिस रिचलंड नांवाचा कृष्णवर्णीय गृहस्थ गुत्त्यांतून मद्याची एक लहान बाटली गुपचूप खिशांत घालतो, निर्जन रस्त्यानें चालत निघतो, एका वृद्ध गौरवर्णीय विधवेच्या मोठ्या घरांत शिरतो आणि बंदुकांच्या कपाटास हात घालतो. आपण श्वास रोखून बसतों. इतक्यांत ती विधवा जागी होऊन येते. पण तिला यत्किंचितही आश्चर्य वाटत नाहीं. बंदुका साफ करून देण्याचें विलिसनेंच कबूल केलेलें असतें! दोघांचा जुना स्नेह. घरच्या माणसांनीं एकमेकांस टोंचून बोलावें तसें त्यांचें संभाषण चालूं होतें. दुसऱ्या दिवशीं विलिस गुत्त्यांत नवी बाटली मुकाट्यानें जागच्या जागीं ठेवून येतो, तेव्हां तर आपण पुरतेच ओशाळतों. विनोद कोणाचा झाला? विलिसचा नव्हे, त्या वृद्धेचाही नव्हे. संशय घेणाऱ्या आपला झाला.

ही वृद्धा म्हणजे कुकी. पतीच्या विरहानें कंटाळलेली ती बाई एके दिवशीं स्वतःच आपलें जीवन संपविते. नात्यानें लेकींच्या जागीं असलेल्या कॅमिल आणि कोरा या दोघी बहिणी तेथें पोंचतात. आमच्या घराण्यांत कोणी आत्महत्या करीत नसतें, हें कॅमिलचें ब्रीद. ती मृत कुकीची चिठ्ठी चक्क चावून गिळून टाकते आणि दरोड्याचा देखावा उभा करते. हीच बाई ईस्टरनिमित्त चर्चमध्यें ऑस्कर वाइल्डचें 'सालोमे' बसवीत असते आणि लेखक म्हणून वाइल्डच्या जोडीला स्वतःचेंही नांव लावते! कुलाची अब्रू काय किंवा नाटक काय, जें मूळचें आहे तें आपल्या सोयीनें दुरुस्त करण्याचा तिला छंद. मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस अशी एखादी कॅमिल शोधण्यास फार दूर जावें लागणार नाहीं.

बंदुकांवर ठसे विलिसचे. त्यामुळें पकडला जातो तो विलिस. तथापि तो निर्दोष आहे याविषयीं गांवांत कोणासही शंका नाहीं. बाहेरून आलेला तपास अधिकारी पुरावा मागतो, तेव्हां लेस्टर बॉइल हा गांवचा पोलीस, आपण विलिसबरोबर मासे धरावयास गेलों आहों, एवढेंच कारण देतो. आणि तें इतक्या गंभीरपणें देतो, कीं यापुढें कोणताही पुरावा फिकाच पडावा. तुरुंगाच्या कोठडीचें दार उघडेंच असतें. कोराची म्हणून वाढलेली तरुण एमा विलिसला सोबत म्हणून कोठडींत येऊन राहते, आणि कैदी व पोलीस मिळून स्क्रॅबलचा डाव मांडतात. कोणीही थट्टा करीत नाहीं, आणि तरीही आपणांस हसूं आवरत नाहीं.

येथें एक आक्षेप उभा राहतो व तो टाळून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. हें मिसिसिपी तेंच, जेथें १९५५ च्या ऑगस्टमध्यें एमेट टिल या अवघ्या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा निर्घृण खून झाला आणि आरोपींस केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीनें निर्दोष सोडलें. अशा भूमींत गोऱ्या बाईच्या खुनाचा आळ आलेला कृष्णवर्णीय मनुष्य पोलिसांबरोबर खेळत बसतो, हें चित्र म्हणजे इतिहासावर घातलेली साखर नव्हे काय?

आम्हीं या प्रश्नाचा बराच विचार केला. हा बोलपट वास्तवाचा दस्तऐवज मानला, तर आक्षेप खराच ठरेल. परंतु आरंभींच्या प्रसंगीं आपण श्वास कां रोखला होता, याचें स्मरण करावें. तो इतिहास प्रेक्षकास ठाऊक आहे, हें गृहीत धरूनच ही कथा रचिली आहे. तो ठाऊक नसेल तर कोठडीचें उघडें दार हसविणारच नाहीं. जें घडावयास हवें होतें आणि बहुधा घडलें नाहीं, त्याची चुटपुट त्या हास्याच्या तळाशीं आहे. पुढें विलिस हा कुकीच्याच रक्ताचा नातलग असल्याचें उघड होतें. गोऱ्या आणि काळ्या घराण्यांमधील हें दडविलेलें नातें म्हणजे त्या प्रांताचें जुनें गुपित. पण तें येथें रडारड न करतां, घरांतील हिशेब वाचून दाखवावा तसें सांगितलें जातें. ज्या कुलाच्या अब्रूसाठीं कॅमिल चिठ्ठी गिळते, त्या कुलांत कोण कोण आहे हेंच तिला ठाऊक नसतें! तिचें असत्य शेवटीं तिच्याच पायांत कसें येतें, तें वाचकांनीं स्वतः पाहावें.

अभिनय या विनोदास साजेसाच आहे. १९६३ च्या 'हड' बोलपटासाठीं ऑस्कर पारितोषिक मिळविणाऱ्या पॅट्रिशिया नील कुकीच्या भूमिकेंत थोडाच वेळ दिसतात. पण त्या गेल्यावर घर रिकामें झालेलें जाणवतें. चार्ल्स डटन यांचा विलिस आपलें दुःख पाठमोऱ्या चालण्यांतून सांगतो. ग्लेन क्लोज यांची कॅमिल तेवढी आवाज चढविते, आणि तें योग्यच. साऱ्या गांवांत शांतपणा सोसत नाहीं तो तिलाच.

सोबत मासे धरले, एवढ्यावर एखाद्याची हमी घेणें कायद्यास मान्य होणार नाहीं. तथापि आपण ज्याच्याविषयीं झटकन् वाईट ग्रह करून घेतों, त्याच्या शेजारीं एक दुपार तरी बसलों होतों काय, हा प्रश्न हा बोलपट हळूच विचारून जातो. घरांतील लहानथोरांनीं एकत्र पाहावा असा तो आहे. मात्र कुकीच्या मृत्यूचा प्रसंग असल्यानें अगदीं लहान मुलांस वगळावें. हसूं पहिल्याच क्षणीं आलें नाहीं, तर निराश होऊं नये. आम्हांस त्यांतले निम्मे विनोद दुसऱ्या दिवशीं जेवतांना कळले.