गेम ‘रिअलिस्टिक नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

प्राणिसंग्रहालय चालवण्याच्या गेम्सबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: गेम रिअलिस्टिक नाही. पीएचडीच्या तयारीत असाल तर या वाक्यापाशी जरा थांबा. आपल्याला असे शब्द आवडतात. रिअलिझम, क्वालिटी, एंगेजमेंट... प्रपोजलच्या शीर्षकात छान दिसतात. पण मुलाखतीत कुणी विचारलं, ‘हे मोजणार कसं?’ की तोंडचं पाणी पळतं.

उदाहरण म्हणून ‘प्लॅनेट झू’ घेऊ. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या फ्रॉन्टियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने तो नोव्हेंबर 2019 मध्ये आणला. दिसायला गेम अप्रतिम आहे. हत्तीच्या कातडीवरच्या सुरकुत्या, वाघाची चाल, सगळं बारकाईने केलंय. आत झूपीडिया नावाचा माहितीकोश आहे, आणि कुठल्या प्राण्याला किती जागा, किती सोबती, कसलं हवामान लागतं हे त्यात नीट दिलंय. मग खटकतं कुठे?

माझ्या मते गोंधळाचं मूळ आहे घड्याळात. या गेममध्ये दोन घड्याळं एकाच वेळी चालतात. प्राण्याची चाल, खाणं, झोपणं आपल्या नेहमीच्या वेगाने होतं, म्हणून ते खरं वाटतं. वय मात्र दुसऱ्या, खूप वेगवान घड्याळावर वाढतं. रखवालदार चारा घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत पोहोचेपर्यंत कॅलेंडरवर महिने उलटलेले असतात. पिल्लाला नाव द्या, पिंजऱ्यात दोन झाडं लावा, तोवर ते वयात आलेलं असतं. खेळाडूंना हे झोंबलं, कारण जीव लावलेला प्राणी त्यांच्या हिशेबाने ‘काल’ जन्मला होता. पुढे वय वाढण्याचा वेग कमी करायची सोय गेममध्ये आली.

पण आता डिझायनरच्या खुर्चीत बसून बघा. घड्याळ खरं केलं तर हत्तीणीची गर्भावस्था जवळपास बावीस महिने चालेल. कोण थांबणार? आणि वेग वाढवला तर प्रजनन, वंशावळ, आनुवंशिक गुण हे सगळे खेळण्यासारखे होतात, पण प्राणी डोळ्यांदेखत म्हातारे होतात. म्हणजे एका ठिकाणी खरेपणा वाढवला की दुसऱ्या ठिकाणी तो कमी होतो. केटी सेलन आणि एरिक झिमरमन यांनी ‘रूल्स ऑफ प्ले’ या पुस्तकात हुबेहूबपणा वाढला की खेळाचा आनंद आपोआप वाढतो या समजुतीवरच बोट ठेवलंय. गेम स्टडीजकडे वळणाऱ्यांनी ते प्रकरण जरूर वाचावं.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, आणि प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यामुळे मला ती जास्त टोचते. गेममध्ये जास्तीचे प्राणी झाले की ते जंगलात सोडता येतात. एक बटण दाबायचं, कॉन्झर्व्हेशन क्रेडिट मिळतात, विषय संपला. त्या क्रेडिटमधून पुढचे प्राणी घ्यायचे. म्हणजे वाढलेली पैदास हे इथे चलन आहे, तर खऱ्या प्राणिसंग्रहालयात ती डोकेदुखी असते. फेब्रुवारी 2014 मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाचा दोन वर्षांचा निरोगी नर जिराफ मारला, कारण त्याचे जनुक युरोपातल्या प्रजनन कार्यक्रमात आधीच भरपूर होते. त्याचं विच्छेदन लोकांसमोर झालं, मांस सिंहांना दिलं गेलं, आणि जगभर संताप उसळला. ‘प्लॅनेट झू’मध्ये अंतःप्रजननाचा इशारा मिळतो, गर्भनिरोधकंही देता येतात, एवढं त्याचं कौतुक करायलाच हवं. पण मारियसचा प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

जागेचंही तसंच. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की निसर्गात दूरवर भटकणाऱ्या मांसाहारी प्राण्यांना बंदिवास जास्त बाधतो. ते येरझाऱ्या घालत राहतात, त्यांची पिल्लं जास्त दगावतात. ध्रुवीय अस्वलाचा नेहमीचा पिंजरा त्याच्या निसर्गातल्या किमान वावरक्षेत्राच्या साधारण दहा लाखावा भाग भरतो. गेममध्ये मात्र ठरलेली जमीन, पाणी, थंडी आणि खेळणी दिली की अस्वलाचे कल्याणाचे पट्टे हिरवे होतात. ‘योग्य सोय केली तर कुठलाही प्राणी बंदिवासात सुखी राहतो’ असा दावा गेमचे नियमच करत असतात, तोंडाने एक शब्दही न बोलता. नियमांतून होणाऱ्या अशा युक्तिवादाला इयन बोगोस्ट ‘प्रोसीजरल ऱ्हेटरिक’ म्हणतो. गंमत म्हणजे हा अवास्तवपणा खेळाडूला सहसा खटकत नाही. खटकतं ते घड्याळ.

मग खटकणं ठरतं कशावरून? इथे रिचर्ड ऑलिव्हर यांचं 1980 चं ग्राहक-समाधानाचं मॉडेल कामाला येतं. समाधान वस्तूच्या दर्जाइतकंच, आधी मनात धरलेली अपेक्षा आणि हातात पडलेलं यांच्यातल्या फरकावरही ठरतं. आणि अपेक्षा तयार होतात कंपनीच्या बोलण्यातून. ‘प्लॅनेट झू’च्या जाहिरातीत ‘झू टायकून’च्या निर्मात्यांकडून असं म्हटलं होतं. ते खोटं नाही, 2013 चा ‘झू टायकून’ फ्रॉन्टियरनेच केला होता. पण बऱ्याच जणांचं बालपण गेलं ते ब्लू फँग गेम्सने केलेल्या 2001 आणि 2004 च्या गेम्समध्ये, ज्यांच्या विस्तारांत डॉल्फिनचे खेळ होते, नामशेष प्राणी होते. वाक्य एका गेमबद्दल, आठवण दुसऱ्याच गेमची! शिवाय कंपनी पुढचं काही आधी सांगत नाही तेव्हा त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावला जातो. पक्ष्यांची मोठी उडती दालनं हवीत ही जुनी मागणी घ्या. त्यावरच्या मौनात एकाला ‘येणार’ ऐकू येतं, दुसऱ्याला ‘कधीच नाही’.

आता प्रपोजलकडे. ‘झू गेममधील रिअलिझमचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नाही. त्याऐवजी असं विचारा: जाहिरातीत प्राण्यांच्या दिसण्यावर भर असेल, तर खेळाडूंच्या तक्रारी वर्तनाबद्दल जास्त येतात की व्यवस्थेबद्दल? दिसणं, वर्तन, व्यवस्था असे तीन कोड तुमच्या हातात आले. अभिप्राय लिहिणारे म्हणजे सगळे खेळाडू नव्हेत, गप्प खेळून बाजूला होणारे कितीतरी असतात, हे मर्यादांत स्पष्ट लिहा. अभिप्राय सार्वजनिक असले तरी टोपणनावं काढून टाका आणि एथिक्स कमिटीला आधीच विचारा. मग पन्नासेक अभिप्राय घेऊन एका मित्राला बसवा, दोघांनी वेगवेगळं कोडिंग करा आणि कोहेनचा कप्पा काढा. तो कमी आला तर आधी कोडच्या व्याख्या दुरुस्त करा, पुढचा डेटा नंतर गोळा करा.