दृष्टी ६/६, तरीही वाचनात अडथळा

‘तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, चष्मा नको म्हणाले, तरी अभ्यासास बसला की अर्ध्या तासात कपाळ दुखते,’ अशी तक्रार पालक आपल्याकडे आणतात. बहुधा शिरःशूल समजून चिकित्सा सुरू होते, अथवा औषधालयातून परस्पर सप्तामृत लोह नेले जाते.

स्नेलेन यांचा १८६२ मधील तक्ता सहा मीटर अंतरावरून, एकेका डोळ्याने वाचावयाचा असतो. दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र वळतात काय, हे त्यातून कळतच नाही. या वळण्यातील उणिवेस ‘कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी’ म्हणतात. ओळ सुटते, अक्षरे हलतात वा दुहेरी दिसतात, मूल एक डोळा झाकून वाचते. सर्वांनाच असे दिसते, अशी समजूत असल्याने ते आपण होऊन सांगत नाही, विचारावेच लागते.

परीक्षा सोपी आहे. चष्मा असल्यास तो लावूनच, पेनाचे टोक नाकाच्या रेषेत हळूहळू जवळ आणावे. टोक दुहेरी दिसते किंवा एक डोळा बाहेर सरकतो, ते अंतर मोजावे. सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत डोळे टिकावेत. १० सेंटिमीटरच्या आधीच सुटल्यास संशय बळावतो. चार-पाच वेळा करावे, कारण दोष पुष्कळदा थकव्यानंतरच उघड होतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तृतीय पटलगत तिमिरात एकाचे दोन दिसणे सांगितले आहे. त्यामुळे दुहेरी दृष्टी ऐकताच त्रिफळा घृताकडे हात जातो. आमचाही गेला आहे. आधी एकेक डोळा झाकून पाहावा. कोणताही डोळा झाकताच दुहेरीपणा जात असेल तर दोष दोन डोळ्यांच्या मेळातला. एकाच डोळ्याने दोन दिसत असतील तर बहुधा भिंग वा पारपटलाचा. मात्र दुहेरी दृष्टी अकस्मात उद्भवली असेल, विशेषतः पापणी पडलेली वा डोके तीव्र दुखत असेल, तर औषधात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

उपचार मुख्यतः व्यायामाचा. अमेरिकेत २२१ मुलांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखालील १२ आठवड्यांच्या व्यायामाने सुमारे ७३ टक्के मुलांना यश वा सुधारणा लाभली. घरी केवळ पेन्सिल जवळ आणण्याच्या व्यायामाने ४३ टक्के. तथापि पालकांस गुण वाढण्याचे आश्वासन देऊ नये. २०१९ मधील चाचणीत या व्यायामाने वाचलेल्याचे आकलन आभासी उपचाराहून अधिक सुधारले नाही.