रुग्णवाहिका वेळेवर आली, पण उपचार?

गाडी किती मिनिटांत आली, एवढे पाहून भागत नाही. आतल्या माणसाने काय केले, तेही तपासायला हवे.

बेंगळुरूमधील एखाद्या घरात रात्री वडिलांच्या छातीत कळ येते. मुलगा १०८ क्रमांक फिरवतो आणि सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे लागतात. गाडी दाराशी आली की घरच्यांना हायसे वाटते. खरी कसोटी मात्र पुढेच असते.

कर्नाटकात १०८ची ‘आरोग्य कवच’ सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेत गाडीबरोबर डॉक्टर येतात. कर्नाटकात ही जबाबदारी प्रामुख्याने प्रशिक्षित तंत्रज्ञावर असते. म्हणूनच त्याचे काम सुधारते आहे का, हा प्रश्न घराघराचा आहे.

प्रशिक्षण म्हणजे सुधारणा नव्हे

शिबिर झाले, प्रमाणपत्रे वाटली, म्हणजे सुधारणा झाली असे नाही. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. पुतळ्यावर हे जमते. अरुंद जिन्यात, रडणाऱ्या नातेवाइकांच्या गराड्यात जमते का? ते प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवरूनच कळते. तेही प्रशिक्षणापूर्वीचे आणि नंतरचे काही महिने ताडून पाहिले तरच. पहिल्या महिन्यातला उत्साह पुढे टिकतोच असे नाही.

अर्धांगवायूचे उदाहरण घ्या. रक्तातली साखर उतरली तरी तशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून साखर तपासणे आवश्यक. त्रास कधी सुरू झाला, ही वेळही महत्त्वाची. कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. किती रुग्णांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या, हे मोजता येते.

इंग्लंडमध्ये २०११पासून रुग्णवाहिकांच्या वेळेबरोबरच अशा उपचारांचे आकडेही जाहीर होऊ लागले.

अर्थात, तपासणी म्हणजे दोषारोप नव्हे. बोलणी बसण्याची भीती असेल, तर कागद नीटनेटके भरले जातात आणि खरी चूक झाकली जाते. साखर तपासली नाही, ती विसरल्यामुळे की गाडीतल्या पट्ट्या संपल्यामुळे, हे आधी विचारायला हवे.

घरच्यांनी काय करावे?

त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. चालू औषधांची यादी हाताशी ठेवा आणि दोन्ही तंत्रज्ञाला सांगा. त्याच्या नोंदीची सुरुवात तुमच्याच उत्तरापासून होते.