राजा व्हायचंय? आधी करार आठवा!

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची १८८८ची कथा, तिच्यावरचा जॉन ह्यूस्टनचा १९७५चा सिनेमा ‘द मॅन हू वुड बी किंग’. माझा एकदम फेव्हरिट! डॅनियल (शॉन कॉनरी) आणि पीची (मायकेल केन) हे ब्रिटिश फौजेतले दोन बिलंदर माजी शिपाई. २० रायफली घेऊन काफिरिस्तानात राजे व्हायला निघतात. त्याआधी लेखी करार: काम फत्ते होईपर्यंत दारू बंद, बाई बंद! थाप पचते. लोक डॅनियलला देव मानतात. लोचा होतो तो पुढे, कारण डॅनियललाही ते पटतं. तो लग्नाचा हट्ट धरतो. घाबरलेली नवरी चावते, रक्त येतं आणि देवपण संपतं. पीचीला तर सोनं घेऊन सटकता आलं असतं. पण तो दोस्ताच्या लग्नासाठी थांबलेला असतो. मला चटका लावतं ते हेच. जरूर बघा, आणि तुमचा पीची शेजारी हवाच!