चिबोकनंतरही शाळा असुरक्षितच

नायजेरियातील चिबोक येथील सरकारी शाळेतून १४ एप्रिल २०१४ च्या रात्री 'बोको हराम'च्या अतिरेक्यांनी २७६ विद्यार्थिनींना पळवून नेले. त्यांपैकी ५७ जणी निसटल्या. बहुतेक मुली सुटल्याचा दावा लष्कराला लगेच मागे घ्यावा लागला. अध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी मौन सोडले ते सुमारे तीन आठवड्यांनी.

पुढे मुहम्मदू बुहारी यांच्या सरकारने वाटाघाटींचा मार्ग धरला. २०१६ मध्ये २१ आणि २०१७ मध्ये ८२ मुली परतल्या. या ८२ जणींच्या बदल्यात अतिरेकी कैदी सोडावे लागले. त्यामुळे अपहरणकर्त्यांचे मनोबल वाढेल, अशी टीका झाली. पण मुलींच्या पालकांपुढे दुसरा पर्याय तरी कोणता होता?

खरे अपयश वेगळेच होते. 'सुरक्षित शाळा' उपक्रम २०१४ मध्येच जाहीर झाला होता. तरीही फेब्रुवारी २०१८ मध्ये दाप्ची येथील शाळेतून ११० मुली पळविल्या गेल्या.