प्राणी पेशी संवर्धन माध्यमांची साठवण व सुरक्षित हाताळणी : महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश
पेशी संवर्धनाच्या प्रयोगात माध्यम हा बहुधा गृहीत धरला जाणारा घटक असतो. प्रत्यक्षात ते नाशवंत असून त्यातील बिघाड अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. तापमान, प्रकाश, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि सूक्ष्मजीव यांमुळे माध्यम कसे बिघडते, तो बिघाड टाळण्यासाठी कोणती पद्धत अवलंबावी आणि प्रत्येक बाटलीची नोंद का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : पेशी संवर्धन, माध्यम, ग्लुटामिन, सामू, मायकोप्लाझ्मा, जैवसुरक्षा

प्रस्तावना
१९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊती लसिकेच्या गोठलेल्या थेंबात जिवंत ठेवून चेतातंतूंची वाढ दाखवून दिली. त्यानंतर दीर्घकाळ संवर्धनासाठी नैसर्गिक द्रवांचाच आधार घ्यावा लागला. पेशींना नेमकी कोणती अमिनो आम्ले व जीवनसत्त्वे लागतात, याचा शोध हॅरी ईगल यांनी १९५० च्या दशकात घेतला आणि १९५९ मध्ये त्यांचे ‘मिनिमम इसेन्शियल मीडियम’ प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत सिद्ध झालेले ‘आरपीएमआय १६४०’ हे माध्यम १९६७ मध्ये पुढे आले. आज हीच माध्यमे व डल्बेको यांचे सुधारित माध्यम (डीएमईएम) सर्वत्र वापरली जातात.

पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून देशभरातील संशोधकांना पेशीवंश पुरविले जातात. महाविद्यालयांच्या जैवतंत्रज्ञान व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांतूनही पदव्युत्तर प्रकल्पांसाठी हे तंत्र वापरले जाते. एखाद्या औषधी वनस्पतीचा अर्क कर्करोग पेशींवर तपासणे, हा अशा प्रकल्पांचा परिचित विषय होय. येथे पेशी मेल्या तर त्याचे श्रेय अर्काला मिळते. त्या माध्यमाच्या दोषाने आधीच दुर्बल झाल्या होत्या काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उलट पेशी वाढल्याच नाहीत, तर दोष विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो. दोन्ही बाबतींत बाटलीचा इतिहास तपासल्याशिवाय निर्णय देणे योग्य नव्हे.

बिघाडाची कारणे
१. तापमान : माध्यमातील सर्वांत अस्थिर घटक म्हणजे ग्लुटामिन. द्रावणात ते आपोआप विघटित होऊन अमोनिया व पायरोलिडोन कार्बोक्झिलिक आम्ल तयार होते. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ही क्रिया मंद असते, तर ३७ अंशांवर ती कितीतरी वेगाने घडते. यात दुहेरी हानी होते : पोषक द्रव्य घटते आणि पेशींना घातक अमोनिया वाढतो. सकाळी जलतापकात ठेवलेली बाटली संध्याकाळपर्यंत तेथेच राहू देणे, ही म्हणूनच सदोष सवय आहे.

२. प्रकाश : माध्यमातील रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व प्रकाश शोषून घेते व ट्रिप्टोफॅन, टायरोसिन यांसारख्या अमिनो आम्लांचे ऑक्सिडीकरण घडवून आणते. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड व अन्य विषारी द्रव्ये निर्माण होतात. प्रयोगशाळेतील ट्यूबलाइटचा प्रकाशही यास पुरेसा असतो. हेपेस हे बफर असलेल्या माध्यमात हा परिणाम अधिक तीव्र होतो. असे माध्यम स्वच्छ व पारदर्शकच दिसते, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

३. सामू : बहुतेक माध्यमांचा सामू सोडियम बायकार्बोनेट आणि इन्क्युबेटरमधील कार्बन डायऑक्साइड यांच्या समतोलावर अवलंबून असतो. आरपीएमआय १६४० मध्ये बायकार्बोनेट लीटरला सुमारे २ ग्रॅम, तर डीएमईएममध्ये ३.७ ग्रॅम असते. त्यामुळे एका माध्यमासाठी योग्य असलेले वायूचे प्रमाण दुसऱ्यास तंतोतंत लागू पडत नाही. झाकण सैल राहिल्यास वायू निघून जातो, सामू वाढतो आणि फिनॉल रेड या दर्शकाचा लाल रंग जांभळट गुलाबी होतो. जीवाणूंची वाढ झाल्यास आम्लनिर्मितीमुळे माध्यम सहसा पिवळे व गढूळ होते. मात्र केवळ पिवळेपणा दाट वाढलेल्या पेशींमुळेही येतो. रंग हा इशारा होय, निदान नव्हे.

४. सूक्ष्मजीव व परक्या पेशी : जीवाणू व बुरशी यांचा प्रादुर्भाव लवकर लक्षात येतो, मायकोप्लाझ्माचा येत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्यावर परिणाम होत नाही. तो ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो आणि माध्यम गढूळ न करता पेशींचे चयापचय बदलतो. परक्या पेशींचा धोकाही तितकाच गंभीर आहे. स्वतंत्र समजले जाणारे अनेक पेशीवंश प्रत्यक्षात हेला पेशीच असल्याचे स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ मध्ये निदर्शनास आणले. एकच बाटली दोन पेशीवंशांसाठी वापरणे, हा अशा मिश्रणाचा एक सरळ मार्ग आहे.

साठवणुकीची पद्धत
द्रवरूप माध्यम २ ते ८ अंशांवर, अंधारात ठेवावे. फ्रीजच्या दारात तापमान वारंवार बदलते, म्हणून बाटल्या आतील फळीवर ठेवाव्यात. काचेचे दार असलेल्या फ्रीजमध्ये त्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळाव्यात. माध्यम गोठवू नये. गोठल्यास क्षार व अन्य घटक साक्याच्या रूपाने वेगळे होतात आणि ते सर्वच पुन्हा विरघळतील याची खात्री नसते. सिरम मात्र उणे २० अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावे, रात्रभर फ्रीजमध्ये वितळवावे आणि एका वेळेस लागेल तेवढ्याच भागांत विभागून ठेवावे. आपोआप बर्फ वितळविणाऱ्या घरगुती फ्रीजरमध्ये तापमान वारंवार वर जात असल्याने तो सिरमसाठी अयोग्य ठरतो.

भुकटीरूप माध्यम स्वस्त व साठवणुकीस सोयीचे असते. परंतु ते हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. कोकण किनारपट्टीवरील महाविद्यालयांना पावसाळ्यात याची विशेष काळजी घ्यावी लागते. गोळे झालेली भुकटी वापरू नये आणि फोडलेले पाकीट एकाच वेळी संपवावे. अर्धे पाकीट वजन करून घेतल्यास सूक्ष्म प्रमाणातील घटकांचे योग्य वितरण झाले असेल, याची शाश्वती नसते. द्रावणाचा सामू इच्छित मूल्यापेक्षा ०.२ ते ०.३ ने कमी ठेवावा, कारण गाळताना तो वाढतो. नेहमीची माध्यमे ऑटोक्लेव्ह करू नयेत, कारण ग्लुटामिन व काही जीवनसत्त्वे उष्णतेने नष्ट होतात. ती ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने निर्जंतुक करावीत आणि थोडा नमुना प्रतिजैविकाविना ३७ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवून निर्जंतुकता पडताळावी.

दिवाळी व उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळा बंद असताना वीज खंडित होऊन पुन्हा आल्यास फ्रीज पूर्ववत थंड होतो आणि मधला बिघाड कोणाच्याही लक्षात येत नाही. कमाल व किमान तापमान नोंदविणारा साधा तापमापक फ्रीजमध्ये ठेवल्यास ही उणीव अल्प खर्चात दूर होते.

हाताळणी व कार्यकर्त्याची सुरक्षा
ताजे माध्यम कार्यकर्त्यास फारसे अपायकारक नसते. वापरलेले माध्यम मात्र संसर्गजन्य मानूनच हाताळावे. मानवी पेशींसोबत विषाणू असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. वनस्पती ऊती संवर्धनासाठी घेतलेला आडव्या प्रवाहाचा लॅमिनार फ्लो याच कामासाठी वापरणे धोक्याचे आहे. त्यातील हवा नमुन्यावरून थेट कार्यकर्त्याच्या चेहऱ्याकडे येते. नमुना सुरक्षित राहतो, माणूस नाही. मानवी व अन्य सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी द्वितीय श्रेणीचे बायोसेफ्टी कॅबिनेटच योग्य होय. तोंडाने पिपेट ओढणे पूर्णतः वर्ज्य असावे आणि त्या फ्रीजमध्ये खाद्यपदार्थ कदापि ठेवू नयेत.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ शैक्षणिक व संशोधन संस्थांनाही लागू आहेत. प्रयोगशाळेतील असा कचरा निर्माण होतो त्या जागीच निर्जंतुक करणे त्यानुसार आवश्यक आहे. हायपोक्लोराइट मिसळलेला द्रव ऑटोक्लेव्हमध्ये कधीही ठेवू नये. त्यातून विषारी वायू बाहेर पडतो.

नोंदीचे महत्त्व
प्रत्येक बाटलीवर माध्यमाचे नाव, उत्पादन गट क्रमांक, तयार केल्याची व उघडल्याची तारीख, मिसळलेले घटक, पेशीवंशाचे नाव आणि वापरणाऱ्याची आद्याक्षरे असावीत. ग्लुटामिन केव्हा मिसळले, हे स्वतंत्रपणे लिहावे. याच नोंदी प्रकल्पाच्या वहीत उतरविल्यास वेगवेगळ्या आठवड्यांतील निष्कर्षांमधील तफावत कोणत्या बाटलीशी निगडित आहे, हे शोधता येते. चाचणी आणि नियंत्रण या दोन्ही गटांसाठी एकाच बाटलीतील माध्यम वापरावे. चहातील काही पॉलिफेनॉल माध्यमात मिसळताच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे वनस्पती अर्कांच्या चाचणीत पेशीविरहित माध्यमात अर्क मिसळून स्वतंत्र नियंत्रण ठेवणेही अगत्याचे ठरते.

निष्कर्ष
पेशी संवर्धन माध्यम हे प्रयोगाची केवळ पार्श्वभूमी नसून त्याचा सक्रिय घटक आहे. त्याच्या बिघाडाची प्रमुख कारणे ज्ञात आहेत आणि अंधार, योग्य तापमान, घट्ट झाकण, स्वतंत्र बाटली व नियमित नोंद हे उपाय कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. प्रतिजैविकांची मात्रा वाढविणे हा त्यांना पर्याय नव्हे; त्याने संसर्ग झाकला जातो, नाहीसा होत नाही. ज्या बाटलीचा इतिहास सांगता येत नाही, ती बाटली कितीही महाग असली तरी टाकून देणे श्रेयस्कर होय. विद्यार्थ्यांना ही शिस्त पहिल्या प्रात्यक्षिकापासून लावणे, ही मार्गदर्शक शिक्षकाची जबाबदारी आहे.