बदामाची बाग आणि जळगावचे ठिबक

व्यापारयुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे ॲपल, हुआवेई, फार तर पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांची नावे येतात. तंत्रज्ञान म्हणजे चिप आणि मोबाइल, ही समजूत आता पक्की झाली आहे. भुसावळहून पंचवीसेक किलोमीटरवर जळगाव आहे आणि जळगाव ओलांडून गिरणेचा पूल पार केला की बांभोरीला जैन इरिगेशनचा कारखाना लागतो. पण त्या यादीत या कंपनीचे नाव कोणी घेत नाही. ठिबकची काळी नळी रावेर-यावलच्या केळीबागेत इतकी सवयीची झाली आहे की ती यंत्रवस्तू वाटतच नाही. नळीच्या आत ठरावीक अंतरावर बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा ड्रिपर बसवलेला असतो. त्यातल्या नागमोडी वाटेने फिरताना पाण्याचा दाब मोडतो आणि तासाला दोन-चार लिटरच पाणी बाहेर पडते. ती वाट केसभर चुकली की पहिल्या झाडाला डबके साचते आणि शेवटचे झाड तहानलेले राहते. हे तंत्रज्ञान इस्रायल आणि अमेरिकेत जळगावच्या नावाने विकले गेले. २०१८ ते २०२५ या काळाकडे मागे वळून पाहताना मला हाच दाखला सर्वांत बोलका वाटतो. परदेशात धंदा करणाऱ्या कंपनीला व्यापारयुद्धाचा मोठा फटका बंदरावरच्या आयात शुल्कातून बसेलच असे नाही. तो गिऱ्हाइकाच्या खिशातून बसतो, आणि तोही अशा जिनसेपायी, जी कंपनी बनवतही नाही आणि विकतही नाही.

आधी ही कंपनी तिकडे पोचली कशी, ते थोडक्यात. जामनेर तालुक्यातल्या वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीपासून सुरुवात केली. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक बंद पडलेला कारखाना घेऊन तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला घेतले, आणि हा माल परदेशी जाऊ लागला. पुढे पीव्हीसी पाइप आले आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक. २००६ मध्ये अमेरिकेतली चॅपिन वॉटरमॅटिक्स विकत घेतली, २००७ मध्ये इस्रायलच्या नानदानमध्ये निम्मा वाटा आणि २०१२ मध्ये उरलेला निम्माही. २०१७ हे वर्ष मात्र नीट ध्यानात ठेवण्यासारखे. त्या वर्षी कंपनीने परदेशी बाजारात २० कोटी डॉलरचे रोखे ७.१२५ टक्के व्याजाने काढले आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या दोन मोठ्या ठिबक-विक्रेत्या कंपन्यांत ८० टक्के मालकी घेतली. नळी बनवायची, आणि ती शेतात बसवून देणारा दुकानदारही आपलाच ठेवायचा, असा हा बेत. कागदावर तो चोख होता. अमेरिकेतच कारखाना, अमेरिकेतच दुकान, अमेरिकेतलाच शेतकरी. त्यात सीमा कुठे ओलांडायची वेळच नव्हती.

मार्च २०१८ मध्ये ट्रम्प प्रशासनाने पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. चीनने उलट वार करताना जी यादी काढली तीत बदाम होते. एप्रिलमध्ये अमेरिकी बदामावर जादा १५ टक्के आणि जुलैत आणखी २५ टक्के शुल्क चढले. ऑस्ट्रेलियाचा बदाम मुक्त व्यापार करारामुळे चीनमध्ये सवलतीने जात होता, त्याचे आयतेच फावले. भारतानेही प्रत्युत्तराची यादी तयार केली आणि वर्षभर ती पुढे ढकलत राहिला. ५ जून २०१९ रोजी अमेरिकेने भारतीय मालाला मिळणारी जीएसपी ही आयात शुल्कातली सवलत काढून घेतली, तेव्हा १६ जूनपासून २८ अमेरिकी वस्तूंवर वाढीव शुल्क लागू झाले. सोललेल्या बदामावरचे शुल्क किलोला १०० रुपयांवरून १२० रुपये झाले. जगातला सुमारे ऐंशी टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो आणि त्याच्या मोठ्या परदेशी गिऱ्हाइकांत भारत अगदी वरच्या क्रमांकावर आहे. ज्या फ्रेस्नो-मर्सेड भागात जळगावच्या कंपनीने दुकाने घेतली होती, तिथल्या बागायतदाराच्या मालाची वाट चीनने आणि खुद्द भारत सरकारने अडवली. अशी यादी करताना समोरच्या देशातला शेतकरी ओरडला पाहिजे एवढेच पाहिले जाते. त्या शेतकऱ्याला नळी विकणारा जळगावचा आहे, हा हिशेब दिल्लीतल्या कुठल्या फायलीत असण्याचे कारणच नव्हते. भारताने प्रत्युत्तर द्यायलाच नको होते, असे मी म्हणत नाही. मात्र प्रत्युत्तर फुकट मिळत नाही आणि त्याचे बिल कोणाच्या दारात जाईल हे आधी ठरवता येत नाही.

बदामाची बाग हे लांब मुदतीचे गणित आहे. झाड तिसऱ्या वर्षी फळ धरू लागते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे चालते. ठिबकचा मोठा खर्च होतो तो लागवडीच्या वेळी, म्हणजे पहिला बदाम हाती येण्याच्या कितीतरी आधी. शेतकरी ती गुंतवणूक आजच्या भावावर करत नाही, पुढच्या दहा वर्षांच्या अंदाजावर करतो. शुल्क उद्या उठेल की दुप्पट होईल हे कळत नसेल तर तो बाग रद्द करत नाही, पुढे ढकलतो. विक्रेत्याच्या वहीत ‘नाही’ अशी नोंद पडत नाही, ‘पुढच्या वर्षी बघू’ अशी पडते. त्यामुळे हे नुकसान कंपनीच्या ताळेबंदात ‘टॅरिफ’ या शीर्षकाखाली कधीच सापडत नाही.

यावर शेतमालाचा बाजार जाणणारा माणूस म्हणेल की बदामाचा भाव शुल्काने पडला नाही, अतिलागवडीने पडला. हे बरेचसे खरे आहे. २०१४ मध्ये शेतकऱ्याला पौंडाला चार डॉलर मिळाले, म्हणून सगळ्यांनी बदाम लावला, आणि २०२२ मध्ये तोच भाव १ डॉलर ४० सेंटवर आला. मधल्या काळात कोविडने बंदरे तुंबली, कंटेनर मिळेनात, माल गोदामात राहिला. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातले बदामाखालचे एकूण क्षेत्र पंचवीसहून अधिक वर्षांत पहिल्यांदा घटले. या सगळ्यात शुल्काचा वाटा नेमका किती, हे कोणी पैशात सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण पीक वाढत असतानाच दोन मोठ्या गिऱ्हाइकांच्या दारात उंबरा उंच केला गेला, हे या आक्षेपाने पुसले जात नाही. पिकाचा पूर आला होता हे मान्य. पुराच्या वेळीच मोरी तुंबवली गेली, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो जळगावातच ऐकू येतो. कंपनी अडचणीत आली ती कर्जाने, तिथे ट्रम्प यांचा काय संबंध? २०१९ मध्ये पतमानांकन घसरले, बँकांची देणी थकली, सरकारी प्रकल्पांतली येणी अडकून पडली आणि धनकोंशी तोडगा निघायला मार्च २०२२ उजाडला. हे सगळे उघड आहे आणि व्यापारयुद्धाच्या माथी ते मारणे लबाडीचे ठरेल. मात्र कर्ज घेऊन केलेली खरेदी एका गृहीतावर उभी असते: घेतलेला धंदा अमुक वर्षांत अमुक दराने वाढेल आणि रोख्यांची मुदत भरायच्या आत पैसा फिरेल. २०१७ चे रोखे २०२२ मध्ये फेडायचे होते. ती पाच वर्षे म्हणजे नेमकी व्यापारयुद्धाची आणि साथीची. हाती शिल्लक असलेली कंपनी ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकून घेऊ शकते, व्याज चढत असलेली कंपनी ते ऐकू शकत नाही. कर्ज हा रोग होताच. व्यापारयुद्धाने बरे व्हायला लागणारी सवड काढून घेतली. म्हणून दोन्ही कारणे एकमेकांसमोर उभी करण्यात मला अर्थ दिसत नाही.

मार्च २०२३ मध्ये कंपनीने परदेशातला सिंचन-व्यवसाय रिवुलिस या इस्रायली कंपनीत विलीन केला. एकत्रित कंपनीत सिंगापूरच्या टेमासेककडे ७८ टक्के आणि जळगावकडे २२ टक्के वाटा राहिला. कर्ज मोठ्या प्रमाणात हलके झाले. सहा महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०२३ मध्ये, भारताने बदामावरचे जादा शुल्क मागे घेतले. सरकारी निर्णयांना खाजगी कंपन्यांच्या मुदती ठाऊक नसतात, याचा याहून कोरडा पुरावा मिळणार नाही.

मग २०२५ ची फेरी आली. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या निमित्ताने २७ ऑगस्टपासून आणखी २५, असे ५० टक्के शुल्क झाले. त्याच ऑगस्टात इस्रायलवरचा दर १५ टक्के होता. म्हणजे तेव्हा तशीच नळी हैफाहून निघाली तर १५ आणि न्हावा-शेवाहून निघाली तर ५०. यावर कोणी म्हणेल की अनेक देशांत कारखाने असणे हाच उपाय आहे, ऑर्डर इकडची तिकडे फिरवता येते. भागधारकाला हा उपाय लागू पडतो, कारण त्याचा २२ टक्के वाटा ऑर्डरीबरोबर फिरतो. बांभोरीच्या पाळीवर येणारा कामगार असा फिरत नाही.

केळी पिकवणाऱ्यालाही हा मामला दूरचा वाटायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी वाढीव शुल्कातून केळी वगळली, तेव्हा खानदेशात कोणी पेढे वाटण्याचे कारण नव्हते, कारण आपली केळी जाते ती आखाताकडे. २०२१ मध्ये तांदलवाडीची भौगोलिक मानांकन मिळालेली केळी दुबईला गेली, ती याच वाटेने. तिथे, विशेषतः इराणच्या व्यापारात, अडचण निराळी आहे. अमेरिकी निर्बंधांमुळे भारताने मे २०१९ पासून इराणचे तेल घेणे थांबवले, तशी इराणच्या खात्यातली रुपयांची गंगाजळी आटत गेली आणि तिकडे माल पाठवणाऱ्यांच्या पैशांची वाट अवघड झाली. निर्यातदार हात आखडतो तेव्हा व्यापारी मृगबागेच्या घडाला भाव पाडून मागतो. भाव पडला की बागायतदार नवी नळी घेत नाही, जुनीच ॲसिडने धुऊन पिलबागेला, म्हणजे खोडव्याच्या केळीला, चालवून घेतो. फ्रेस्नोचा बदामवाला नेमके हेच करत होता.